आत्याबाईंना पाणी बाधलं नव्हतं

माघ वद्य तृतीया. सकाळपासून मी कणगी रिकामी करत होते. ज्वारी पोत्यात भरायची, पोत्याचं तोंड सुतळीनं शिवायचं आणि दारातल्या गाडीपाशी नेऊन ठेवायचं, एवढंच काम. पण कणगीच्या तळाशी वाकून दाणे उपसताना कंबर मोडते. बाहेर ओट्यावर सासूबाई बसल्या होत्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. उमापूरहून बीडला आम्ही तिघंच निघालो होतो : माझे यजमान, मी आणि त्या. मुली सासरी नांदत होत्या. यजमानांना थोडं उर्दू लिहितावाचता येत होतं, म्हणून बीडच्या कचेरीत शिपायाची जागा मिळाली. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, उर्दू येणाऱ्या माणसाला कोणी औतामागं राहू देत नाही.

शेत थोरल्या भावजींकडे राहिलं. म्हातारीनं कुठं राहायचं यावर दोघा भावांचं दोन दिवस बोलणं चाललं होतं, ते म्हातारीनंच तोडलं. "धाकट्याच्या बायकूच्या हाताला चव हाय," त्या म्हणाल्या. थोरल्या जाऊबाई तिथंच उभ्या होत्या. गाडीत चढताना त्यांनी मला कुंकू जरा जोरातच लावलं.

गाव सोडताना रडायला मला वेळ झाला नाही. पोती नीट रचली आहेत की नाही, हेच मी वेशीपर्यंत बघत होते. माझी आई म्हणायची, "गावाचं पानी पचलं की गाव आपलं." ती लग्न होऊन आली तेव्हा तिला सासरचं पाणी वर्षभर पचलं नव्हतं. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले, त्यांना हे वाक्य कोणी ना कोणी ऐकवलं असणार. आम्ही सगळे त्यावर देवाच्या शब्दासारखा विश्वास ठेवत होतो.

गेवराईला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपार कलताना बीडची वेस दिसली. तेवढी माणसं एका जागी मी जन्मात पाहिली नव्हती. अत्तरवाले, तांबट, बुरख्यातल्या बाया, उंट, आणि सगळ्यांचा एकदम गलका. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. आत्याबाईंनीही पाहिलं आणि बऱ्याच वेळानं विचारलं, "एवढी मान्सं परसाकडं कुटं जातेत?"

गाडीवान हसला, यजमान हसले, मीही हसले. त्या हसल्या नाहीत.

घर लहान पण धड होतं. मागं भिंत घातलेलं परस होतं, गोवऱ्या रचण्यापुरतं. घरमालकीण भिंतीपलीकडेच राहायची. तिला सगळी गल्ली बडी बी म्हणत असे. आत्याबाईंच्याच वयाची, दात त्यांच्याहून दोन जास्त, आणि ते ती सारखे दाखवायची. त्यांच्या घरी पडदा होता, त्यामुळे बायकांसाठी अंगणातच पायखाना होता. आमच्यासारख्या बाकीच्या बाया उजाडायच्या आत तांब्या घेऊन नदीच्या बाजूला जात. वाट लांब, गोट्यांची, आणि पुरुष उठायच्या आत परतायचं, त्यामुळे चालायचं झपाझपा.

पहिले दिवस बरे गेले. आत्याबाई बडी बीच्या ओसरीवर जाऊन बसत. एक मराठी बोले, एक दखनी, आणि दोघींना एकमेकींचं सगळं समजे. बडी बीनं त्यांना गुळाच्या चहाची चटक लावली. चहा तेव्हा आमच्याकडे औषध म्हणून माहीत होता. आत्याबाई बशी दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून ओढत. "ह्यो आधी कावून न्हाई भेटला?" असं त्यांनी एकदा मला विचारलं, जणू मीच तो लपवून ठेवला होता.

मग फाल्गुनात त्यांचं खाणं तुटलं. आधी चहा सुटला. मग भाकरी अर्धी झाली, मग चतकोर. पाणी दिलं तर ओठ ओले करून तांब्या खाली ठेवत. विचारलं की एकच उत्तर, "भूक न्हाई." गालांत खड्डे पडले, जीभ पांढरी झाली. दुपारी त्या भिंतीला टेकून उमापूरच्या दिशेला तोंड करून बसत. ते पाहून गल्लीनं, घरानं आणि मीसुद्धा ठरवून टाकलं : म्हातारीला पाणी बाधलं.

हकीमसाहेब आले, नाडी पाहिली, अंगात गर्मी आहे म्हणाले, सरबत दिलं. ते त्यांनी घेतलं नाही. निर्गुडीचा शेक झाला, गुडघ्यांना बिब्बा झाला, दृष्ट काढून झाली. शेवटी यजमानांनी बाजाराला येणाऱ्या माणसाकरवी उमापूरच्या आमच्या विहिरीचं पाणी आणवलं. घागरीला फडकं बांधून, वाटेत जमिनीला न टेकवता. आत्याबाईंनी त्यातला घोटभर घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बघा, आपलं पानी वळखलं," यजमान म्हणाले आणि स्वतःच डोळे पुसायला लागले. पण दुसऱ्या घोटाला त्यांनी तोंड फिरवलं. बाकीचं पाणी तसंच घागरीत राहिलं. त्याच माणसाबरोबर यजमानांनी भावजींना निरोप पाठवला : आई जास्त दिवस काढील असं वाटत नाही, गाडी घेऊन या.

त्यानंतर एका दुपारी मी त्यांना न्हाऊ घालत होते. दगडावर बसवून कढत पाणी अंगावर घातलं. पोटावरून हात फिरवला तर पोट मडक्यासारखं टणक. मी घरात गाई राखल्या आहेत. जनावराचं पोट असं लागलं की आपण पहिल्यांदा काय विचारतो?

"आत्याबाई, परसाकडं कवा गेलतात?"

"तू काय हकीम हायस का?"

"हकीम न्हाई. सांगा."

मी तांब्या खाली ठेवला आणि ओल्या हातानं तशीच बसून राहिले. मला कामं पडली होती, पण मी उठणार नाही हे त्यांना कळलं असावं.

"गावाकडं बांधावर बाभळ व्हती," त्या म्हणाल्या. "फांदी धरून उठायची मी. लई सालं झाली. कुणाला म्हाईत न्हाई."

"आन् हितं?"

"हितं धराया काय हाय? शिमग्याच्या आधी गेलते, बसले, उठवंना. तशीच मागं पडले. बायांनी वढून काढलं. एक हासली." मग म्हणाल्या, "तवा ठरवलं. खायचं न्हाई, प्यायचं न्हाई. मंग जायाबी नगं."

हे ऐकून माझ्या हातून पाणी ओतणं झालं नाही. मी कडक बाई आहे, नवलानं बसून राहणं मला जमत नाही, पण त्या दिवशी बसले. वैशाख तोंडावर, बाहेर भिंती तापलेल्या, आणि ही बाई कोरड्या जिभेनं आमच्यात बसून आमचे उतारे, आमचे शेक, आमचं विहिरीचं पाणी सगळं सोसत होती. तोंडातून एक शब्द नाही. आम्ही तिला गावाची ओढ लागली म्हणत होतो. होतीच ती ओढ, बाभळीच्या एका फांदीची. माणूस लाजेपायी केवढं पेलू शकतं याचं मोजमाप मला अजून करता आलेलं नाही.

बडी बीला मी त्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "इत्ती सी बात? मेरे पायखाने में आ जाने दे ना." पण आत्याबाई ऐकेनात. तिथलं भरलेलं टोपलं सकाळी एक म्हातारी डोक्यावरून नेते, ते त्यांनी पाहिलं होतं. "माझ्या वयाची हाय ती," त्या म्हणाल्या. "माझं तिनं वाहायचं? त्यापरीस मी मेलेली बरी."

मग मी कुदळ घेतली. परसात, गोवऱ्यांच्या मागं, कंबरभर खड्डा खणला. वर दोन फळ्या. घरात जुना चौरंग होता, त्याला मधोमध भोक पाडायला सुताराकडे दिला. सुतार म्हणाला, "ह्याच्यावर आता पूजा कशी मांडनार?" मी म्हटलं, "तुमी भोक पाडा." चौरंगाच्या दोन्ही बाजूंना दोन खुंटे रोवले, हातात मावतील असे, गाठींची साल तासून गुळगुळीत केलेले. शेजारी चुलीतली राख आणि कोरडी माती भरलेलं घमेलं. तिन्ही बाजूंनी कडब्याचा आडोसा. यजमान दारात उभे राहून बघत होते.

"लोक काय म्हनतील?"

"लोकांना त्याच्यावर बसायचं न्हाई."

ते गेले आणि खड्ड्याच्या कडेची माती स्वतः ओढून आले.

बडी बीनं लुगड्यासकट त्यावर बसून पाहिलं. खुंटे धरले, उठली, परत बसली. "अगे मा, ये तो तख्त हुआ. सरकार के तख्त कू बी इत्ती हवा नै आती." आत्याबाई हसल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा. हसताना त्यांना दम लागला.

त्या दिवशी खुंटे धरून त्या एकट्या बसून उठून आल्या आणि त्यांनी ताकातल्या कण्या मागितल्या, पातळ. दुसऱ्या दिवशी जरा घट्ट. मग शेंगदाण्याची चटणी, खलात बारीक करून, कारण दात नव्हते. मग चहा. एक म्हातारं शरीर असं परत भरताना मी पाहिलं. दुष्काळानंतर जमिनीवर हिरवळ येते तसं नाही, हळू. आधी आवाज आला, मग शिव्या आल्या, मग गाल. मला रोज सकाळी उठून त्यांच्याकडे बघावंसं वाटे. कामाच्या गर्दीत मी ते बघून घेत असे आणि कोणाला सांगत नसे.

गल्लीतल्या आणखी दोन म्हाताऱ्या दुपारच्या वेळी "सहज" येऊ लागल्या. मी राखेचं घमेलं मोठं केलं.

आणि मग भावजी आले. बाजार करत फिरणाऱ्या त्या माणसानं निरोप फार उशिरा पोचवला होता. गाडीत कडबा अंथरून वर दोन गोधड्या घातल्या होत्या, मरायला टेकलेल्या माणसाला झोपवून न्यायला. आत्याबाई उंबऱ्यावर बसून भाकरी दुधात कुस्करत होत्या.

"कावून आलास रं? आन् तोंड कशानं उतरलंय?"

भावजी जोत्यावर बसले आणि डोक्याचा पटका सोडून तोंडावर धरला. यजमानांनी परसातला चौरंग दाखवून सगळं सांगितल्यावर म्हणाले, "आये, घरला न्यायला आलोय."

"मेले न्हाई अजून."

"जित्तीच चल. तिथंबी असाच चौरंग करू."

"करशील. खड्ड्यात माती कोन वडनार? तुझी बायकू?"

भावजींनी यजमानांकडे पाहिलं, यजमानांनी माझ्याकडे. म्हातारीनं कुठं राहायचं हे या वेळीही तिनंच ठरवावं, असं मला वाटत होतं. आणि तिनं जाते म्हटलं असतं तर मी चौरंग गाडीत बांधून दिला असता. आत्याबाईंनी वाटी चाटून पुसून ठेवली. "पेरनीला येते. दोन दिस राहीन. थोरलीला सांग, पावनी येनार हाय."

आज आम्हाला बीडात बरीच वर्षं झाली. माझे गुडघे आता कुरकुरतात आणि खुंटे धरूनच मी उठते. गावी राहिलेले विचारतात, तिकडं करमतं का. मला त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. घर म्हणजे चूल, घर म्हणजे माती, असं मीही कोणे एके काळी म्हणत होते. आता मला वाटतं, जिथं म्हातारपणी पोटभर पाणी पिताना मनात भीती येत नाही, ते घर. बाकीचं सगळं नंतर जुळतं.

त्या वेळी भावजी गाडी रिकामी परत न्यायला नाराज होते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याबाईंना त्याच कडब्यावर बसवलं आणि आम्ही शहराबाहेरची जुनी विहीर, खजाना बावडी, बघायला गेलो. भर वैशाख, रानात हिरवं पान नाही, आणि जमिनीच्या पोटातून पाण्याचा पाट वाहत बाहेर येत होता. दोर नाही, मोट नाही, बैल नाही. भावजी पुन्हापुन्हा म्हणत होते, "ह्याला वढतंय कोन?" आत्याबाईंनी माझा खांदा धरला, पाटाच्या कडेला बसल्या, पाय पाण्यात सोडले. मग ओंजळ भरून प्यायल्या. पुन्हा भरली. मी मोजलं नाही. लुगड्यानं तोंड पुसून म्हणाल्या, "चला आता घरला. बडी बी चहाला थांबली आसंल."

मी कासरा भावजींच्या हातून घेतला आणि गाडी शहराकडे वळवली.