नानांची बाभळ आणि माझी दोन मिनिटं

सोमवारी कंपनीत इंटरव्ह्यू होता.

ओझरजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी स्टोअर सांभाळत होते. तिथेच सुपरवायझरची जागा निघाली होती. माझ्या कामाबद्दल कुणाची तक्रार नाही, पण बाहेरचे कस्टमर येतात म्हणून दोन मिनिटं इंग्रजीत बोलून दाखवायचं. चिठ्ठी उचलायची, निघेल त्या शब्दावर बोलायचं. मागच्या वेळी याच खोलीतून मी 'सॉरी सर' म्हणून बाहेर पडले होते!

या वेळी चिठ्ठीत निघालं... 'फरो'. म्हणजे शेतात नांगराने पडते ती सरी. मी कळवणकडची, शेतकऱ्याची लेक. देवच पावला म्हणायचा.

पण कसलं काय... तोंडच उघडेना. नजर आपली चपलांवर खिळलेली.

तेवढ्यात माझे वडील, नाना, आठवले. त्यांनी मला पहिल्यांदा ट्रॅक्टरवर बसवलं, तेव्हा मी सारखी खाली चाकाकडे, नाहीतर मागे वळून बघायचे. सरी इतकी वाकडीतिकडी पडली की आई बांधावर बसून पोट धरून हसली. नाना एवढंच म्हणाले, "खाली नको बघू. समोरच्या बाभळीकडं बघ अन् चाल."

मी मान वर केली. समोर भिंतीवर घड्याळ होतं, तीच माझी बाभळ. म्हटलं बाई, ग्रामर राहो नाहीतर जावो, आता मागे बघायचं नाही.

"फर्स्ट फरो मस्ट बी स्ट्रेट. ऑल अदर्स फॉलो."

...आणि मग जी सुटले! सरीतून कांद्याला पाणी कसं जातं ते सांगितलं. कपाळावरच्या आठ्यांनाही फरोच म्हणतात, हेही सांगितलं. "माय फादर हॅज बोथ," म्हटल्यावर तर एरवी गंभीर असणारे साहेब खळखळून हसले. दोन मिनिटं कधी संपली, घड्याळाकडे बघत असूनही कळलं नाही.

झाले ना मी सुपरवायझर!!

संध्याकाळी नानांना फोन करून सगळं सांगितलं. पोस्ट कुठली, पगार किती, काही विचारलं नाही त्यांनी.

"सरी सरळ गेली का?"

"एकदम सरळ, नाना."

मग म्हणाले, आईला देतो फोन... आणि लगेच आईला हाक मारताना ऐकू आले, 'अगं, पोरीची सरी सरळ गेली!'

इंग्रजीचे क्लास मी दोन लावले होते. पण खरं सांगू? पास केलं ते नानांच्या बाभळीने.