टेकडीमागे नेलेला ओहोळ

मुरबाडच्या डोंगरात मोजणीला असताना मी नकाशात एक ओहोळ खोटा काढला. जमीनदाराची हद्द त्या ओहोळापाशी संपायची. पलीकडच्या टेकडीवर वाडीची गुरं चरायची. आमचा मुक्काम जमीनदाराच्याच पडवीत, जेवणही त्याच्याकडेच. मे महिना होता, ओहोळ कोरडा. “पाणीच नाय, तर कुठंबी दाखवा,” तो म्हणाला आणि मी ओहोळ टेकडीच्या मागे नेला.

शेळ्या चारणाऱ्या एका म्हातारीने ती रेघ कसली ते विचारलं आणि म्हणाली, “दादा, पानी तर हितनं जातं.”

“नकाशा तू काढतेस का मी?” मी म्हणालो. जमीनदार खदाखदा हसला.

पुढे टेकडीला कुंपण पडलं. ती म्हातारी आता नाही. तो आहे, टेकडीवर फार्महाउसचे प्लॉट पाडतोय.

वाडीने तहसीलला अर्ज केला, त्याला मी लेखी जबाब जोडला आणि माझी कच्ची वहीही. तिच्यात ओहोळ खऱ्या जागी आहे. जमीनदाराचा फोन आला, “या वयात कशाला, साहेब? तुमचंच नाव जाईल.”

“जाईलच. पण तुमची टेकडीही जाईल.”

सुनावणीला मी पुढच्या बाकावर बसणार आहे. त्याचं तोंड मला जवळून बघायचंय.