रेकॉर्डरपुरती मराठी

घरात सत्ता कोणाची, हा माझ्या संशोधनाचा विषय. गोव्यात धारगळला हायवेच्या कडेला मिरच्या विकणाऱ्या एका बाईंना मी तेच विचारलं. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू होताच त्यांनी पदर सावरला आणि देवळातल्या कीर्तनात शोभेल अशा मराठीत म्हणाल्या, "आमच्या घरी सर्व निर्णय यजमानच घेतात."

मी रेकॉर्डिंग बंद केलं, तेवढ्यात यजमानांचाच फोन आला.

"रेडकू विकू नाका. हांव येतां, मागीर बघूया," मी येईपर्यंत थांबा, एवढंच नवऱ्याला कोंकणीत बजावून बाईंनी फोन ठेवला.

मला हसू आवरेना. माझ्या पिशवीत मूठभर मिरच्या टाकत त्याही हसल्या आणि नवरा मोठा की त्या, हे सांगून टाकलं. "बाय, मराठीत घोव व्हडलो. कोंकणीत हांव."

माझा प्रबंध मराठीत आहे. त्यांचं हे वाक्य मात्र मी कोंकणीतच ठेवलंय.