टोकनताईंचे चौकोन

टोकनताईंचा स्वतःवर भारी विश्वास. डायलिसिस विभागाच्या दारात बसून पेशंटना नंबर द्यायचे, हे त्यांचं काम. कॉम्प्युटर अडलाच, तर चूक कॉम्प्युटरची, असं त्यांचं ठाम मत होतं.

आत एकदा मशीन जोडलं की पेशंट चार तास खुर्चीला खिळून. सुया टोचलेला हात हलवायचा नाही. वेळ जावा म्हणून कुणीतरी रंगवायची पुस्तकं आणून ठेवली होती. फुलं, फुलपाखरं, बदकं. पेंटरकाकांनी त्यातलं एक घेतलं आणि दहा मिनिटांत परत केलं. काकांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. पण डाव्या हाताची शीर निकामी झाल्यापासून सुया उजव्या हातात असायच्या.

"ताई, बदकाची चोच माझ्या डाव्या हाताला सापडत नाही हो. आणि सापडली, तरी या वयात मी बदकं रंगवायची?"

"मग काय रंगवाल?"

"सरळ काहीतरी. चौकोन, गोल. रेघ जाड असली की हात लटपटला तरी झाकलं जातं."

"परवा तुमचा वार आहे ना? परवा देते," ताई म्हणाल्या. कसं करायचं ते माहीत नव्हतं, पण तो प्रश्न नंतरचा.

दुपारी डबा खाता खाता त्यांनी सूचनाफलक बनवायचा प्रोग्रॅम उघडला. एक चौकोन काढला, आतला रंग काढून नुसती कड ठेवली. त्याचीच कॉपी वर ठेवून पंधरा अंशांनी फिरवली. मग तिसरी, चौथी. सहा चौकोन झाले आणि पडद्यावर चोवीस टोकांची चांदणी उमलली. ताईंनी स्वतःची पाठ थोपटून घ्यायचीच बाकी होती.

ठरल्या दिवशी काकांनी त्या चांदणीशी तासभर झटापट केली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"ही चाळणी आहे. मला रंगवायला दिलीत की भोकं मोजायला?"

दुसरं कुणी असतं तर तोंड पाडून निघून गेलं असतं. ताईंनी खुर्ची ओढली, पेन्सिल पुन्हा काकांच्या डाव्या हातात दिली आणि त्या हाताकडे बघत बसल्या. हात वरखाली छान चालत होता. अडत होता तो बारीक कोपऱ्यात वळताना.

त्यांनी परत जाऊन तीन चौकोन उडवले, उरलेले तीस तीस अंशांवर फिरवले, मधोमध एक मोठा गोल टाकला आणि रेघ दुप्पट जाड केली. छापलेल्या कागदावर प्रत्येक कप्प्यात अंगठा ठेवून पाहिला. अंगठा मावत नाही तो कप्पा बाद. मग आठवलं, काकांचा अंगठा आपल्या दीडपट आहे. सगळं पुन्हा मोठं केलं.

मोठ्या सिस्टर प्रिंटरपाशी उभ्याच होत्या. "ताई, हा रिपोर्टसाठी आहे."

"म्हणून तर चुकलेल्या सूचनांच्या कागदांच्या कोऱ्या बाजूला छापते. आणि एरवी सारखी बेल दाबून तुम्हाला बोलावणाऱ्या काकांनी आज ती किती वेळा दाबली?"

सिस्टरनी आठवून पाहिलं. "एकदाही नाही." जाता जाता वळल्या. "सात नंबरच्या आजींनाही एक द्या. किती वाजले, किती वाजले विचारून जीव खातात."

पुढच्या वारी काकांनी ते नवं चित्र चार तासांत पुरं केलं. लाल, निळा, लाल, निळा. मधला गोल मात्र कोराच.

"मधलं राहिलं की," ताई म्हणाल्या.

"राहिलं नाही, सोडलंय. पाटीवरसुद्धा अक्षराभोवती जागा सोडावी लागते, नाहीतर सगळी गिचमीड." मग त्यांनी खाली डाव्या हाताने वाकडीतिकडी सही ठोकली. "पुढच्या वेळी त्रिकोण घ्या."

"किती?"

"ते तुम्ही ठरवा. आता कळतंय तुम्हाला."

ताईंच्या मते त्यांना ते आधीपासूनच कळत होतं. तरी त्या दिवशी त्या घरी शीळ घालत गेल्या, आणि नवऱ्याने दोनदा विचारलं, की झालंय काय.

पुढे आजींसाठी मोठाली वर्तुळं झाली, एका मास्तरांसाठी षटकोनांची जाळी झाली. वर्षाच्या आत फोल्डरमध्ये त्रेचाळीस चित्रं जमली. मग एके दिवशी वरच्या मजल्यावरून, मुलांच्या वॉर्डातून फोन आला. तिथल्या नर्सला वीस प्रती हव्या होत्या.

"कुठलंही चालेल हो, ताई."

"कुठलंही कसं चालेल? आधी मुलांचे हात बघू द्या," ताई म्हणाल्या. 'पाच मिनिटांत येते' ही पाटी त्यांनी काउंटरवर उभी केली आणि जिन्याकडे निघाल्या.