डबीतला वडस

माझी बायको गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं वेस्ट मांबलमच्या घराच्या पायरीवर बसून शेवग्याचा पाला निवडत होतो. म्हणजे निवडत होती ती. मी नुसता बसलो होतो, आणि वरच्या मजल्यावरचा तंजावरी शेजारी तिच्या डोळ्यात टॉर्च मारत होता. माणसाचं तोंड सोडून डोळ्याचा कोपरा बघत बोलणारा इसम अख्ख्या मद्रासात हा एकच.

नाकाकडच्या कोपऱ्यातनं बुबुळावर मांस चढतं, त्याला आमच्याकडे वडस म्हणतात. अड्यारच्या एका प्रयोगशाळेत हा त्या वडसावरच काम करतो. उन्हाशी याचं उभं वैर. डिसेंबरातही छत्री. भाजीवालीला यानं जबरदस्तीनं टोपी दिली, तिनं ती कोथिंबिरीवर घातली. एका लग्नात तर यानं मंगलाष्टकं चालू असताना भटजींच्या डोळ्यात टॉर्च मारला. भटजी ओळ विसरले आणि अर्ध्या अक्षता याच्याच डोक्यावर पडल्या.

बायकोचा वडस डॉक्टरांनी काढला होता, तो परत आला. "अय्यो, परत आला अक्का!" त्या संध्याकाळी हा ओरडला, जसा काही पोरगा दुबईहून आला. मग आम्हा अडाण्यांना समजावलं: उन्हानं डोळा चिडतो. मग तिथं ग्रोथ फॅक्टर सुटतात, ते खत. आणि एन्झाइम सुटतात, ते बुबुळावरचं कुंपण खातात. खत मिळालं, कुंपण गेलं, की वडस आत घुसतो.

"म्हणजे बकऱ्याच की रे," बायको म्हणाली. "मग त्या बांधायचं औषध काढ. नुसता टॉर्च काय मारतोस मेल्या!"

"काढतो अक्का. तुम्ही दिलाय ना तुकडा, त्यातनंच."

काढलेला वडस तिनं याला देऊन टाकला होता. मी विसरूनही गेलो होतो.

तिचा तेरावा झाला. अस्थी समुद्राला दिल्या. मला घरात बसवेना. दारातनं मोरीपर्यंत, मोरीतनं दारापर्यंत, नुसत्या येरझाऱ्या. तेवढ्यात हा खाली आला. हातात टॉर्च नाही, आणि बघतोय चक्क माझ्या तोंडाकडे.

"भाऊ, अक्कांचा तुकडा अजून आहे. डबीत, फ्रीजरमधे. उद्या तो तपासायला घेणार. तपासायचा म्हणजे वाटावा लागतो, मग काही उरत नाही. तुम्हाला हवा असेल तर आणून देतो."

"वाटायला माझी बायको काय चटणी आहे?" मी खेकसलो. "चालता हो!"

तो गेला नाही. पायरीवर बसून राहिला, नाक ओढत. सगळी राख झाली म्हणून रडून मोकळा झालो होतो, आणि हा म्हणतो तांदळाएवढी अजून आहे. आणि ती राहणार की संपणार, ते माझ्या शब्दावर.

"तिनं कशाला दिला होता रे?" शेवटी त्याच्याशेजारी बसत मी विचारलं.

"बकऱ्या बांधायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या आधी पायरीवर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, वाट बाबा, पण आधी मला एकदा बघू दे. त्यानं छत्री उघडून माझ्या डोक्यावर धरली, आणि अड्यारच्या बसपर्यंत स्वतः उन्हातनं चालला.