बिघडलेल्या मशीनचे आवाज

माझी आत्या शिलाई मशीन दुरुस्त करते. तीस वर्षं ती खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवून लोकांचे जिने चढली. मशीन उघडायच्या आधी ती घरातल्या बाईला ते एकदा चालवायला सांगायची, डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, "शटलमध्ये दोरा अडकलाय." उघडून बघावं तर दोरा तिथेच.

मागच्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी हात टेकले. डॉक्टरांनी जिने बंद केले. एवढं जड मशीन उचलून तिच्या घरी कोण आणणार? महिनाभरात फोन थंडावले. आत्या खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे बिघाड सांगायला लागली. "त्या स्कूटरची चेन सैल आहे बघ."

आतोबा म्हणाले, "हिला काहीतरी काम द्या, नाहीतर उद्या माझे सांधे ऐकायला घेईल."

ती हसली नाही. मला म्हणाली, "हात चालतात, कान चालतात. जिना चढता येत नाही म्हणून सगळंच संपलं का गं?"

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. डोक्यात एकदम दिवा लागला. "आत्या, बिघडलेल्या मशीनचे आवाज रेकॉर्ड करू आणि ऑनलाइन टाकू. लोक आपल्या मशीनशी ताडून बघतील. अडलं तर त्यांचा आवाज पाठवतील, तू घरात बसून सांगायचं."

ती उठून तिच्या मशीनकडे गेली. "थांब, माझं मशीन बिघडवते."

आणि जी सुरू झाली! सुई किंचित वाकवली, पट्टा ढिला केला, कापड सरकवणाऱ्या दात्यांखाली कापसाचा बोळा कोंबला. जन्मभर दुरुस्ती केलेल्या बाईला मोडतोडीची परवानगी मिळाली होती. आम्ही खिडकीला गोधडी टांगली, कपड्यांचं कपाट उघडं ठेवलं, म्हणजे खोलीत आवाज घुमणार नाही. टेबलाचा थरथराट येऊ नये म्हणून फोन टॉवेलच्या घडीवर. आतोबांना खोकायला बंदी. ते बिचारे जिन्यात जाऊन खोकून येत.

असे अकरा आवाज झाले. प्रत्येकाआधी आत्या ठसक्यात सांगायची, "हा आवाज वाकड्या सुईचा." मी सगळं घरी नेलं, लॅपटॉपवर झकास साफ केलं आणि ऑनलाइन टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिला ऐकवायला गेले. अकराही आवाज तिनं कान देऊन ऐकले.

"यात बिघाड कुठे आहे?"

"म्हणजे?"

"ही तर सगळी नवीकोरी मशीनं आहेत!"

मी पुन्हा लावलं. आत्या तशीच ठसक्यात म्हणत होती, "हा आवाज वाकड्या सुईचा," आणि पुढे मऊ गुरगुर. खटखट, खरखर, टकटक, सगळा कचरा समजून सॉफ्टवेअरनं उचलून फेकला होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "सुई बरी झाली वाटतं."

"चार वर्षं शिकून आलीस," आत्या म्हणाली, "आणि माझं अख्खं दुकान झाडून टाकलंस!"

पुन्हा पहिल्यापासून. या वेळी मी फोनमधली आवाज साफ करायची सोयही बंद केली. आत्यानं फोन स्वतःच्या तोंडासमोरून उचलला आणि मशीनच्या पोटाशी ठेवला. "माझं काय ऐकायचंय? मशीनचं ऐका." बुधवारी सगळं ऑनलाइन चढलं. टकटक टकटकीसारखी, खरखर खरखरीसारखी.

शुक्रवारी सकाळी पहिला आवाज आला. कुठल्याशा लांबच्या गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईचा. "ताई, मेकॅनिक म्हणतो भंगारात द्या. सोमवारी शाळेचे गणवेश द्यायचेत. काही होईल का?"

"भंगारात त्या मेकॅनिकलाच दे म्हणावं," आत्या म्हणाली आणि डोळे मिटले.

मशीनचा सतरा सेकंदांचा आवाज तिनं तीनदा ऐकला. मग फोन खाली ठेवला. "मला कळत नाहीये."

आतोबा पेपर घडी करून बसले.

"समोर असतं तर चाकाला हात लावला असता," ती पुटपुटली. हात मांडीवर नुसताच फिरत होता. मग तो थांबला. "अगं, तिला हात आहेत की! तिला म्हणावं, चाक हातानं फिरव, अगदी हळू. सुई खाली जाताना 'खाली' म्हण, वर येताना 'वर'."

दहा मिनिटांत दुसरा आवाज आला. ती बाई शाळेतल्या मुलीसारखी म्हणत होती, "खाली... वर," आणि टक्! "खाली... वर," टक्!

"वर येताना!" आत्या ताडकन उभी राहिली. "सुई नाही, पट्टा नाही, शटलच! फोन लाव तिला!"

फोनवर तिनं तिकडच्या बाईकडून बॉबिनची डबी काढवली, शटल काढवलं. "बॅटरी मार आत. कडेला काही दिसतंय? नीट बघ."

"काही नाही हो ताई... थांबा. दोऱ्याचा तुकडा आहे, काळा! टाचणीनं काढू?"

"काढ. हळू. आणि जोडून मला ऐकव."

अर्धा तास गेला. मग फोन टुणकन वाजला. मी आवाज मोठा केला. मशीन सलग धावत होतं, एकसारखं, आणि त्याच्यावरून ती बाई जोरजोरात हसत होती.

"चाललं!" मी ओरडले. आतोबांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

आत्यानं शेवटपर्यंत ऐकलं. चेहरा फुलला होता, पण डोळे मिटलेलेच. "चाललंय. पण तेल मागतंय. लिही तिला, दोन थेंब घाल म्हणावं."

मी लिहीत होते तोवर आणखी दोघांचे आवाज येऊन पडले होते. तिनं खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"लाव पुढचा."