घडीताईचं कडवं

लॉन्ड्रीत तिला सगळे घडीताई म्हणत. हॉटेलच्या चादरी तर सोडाच, ही बया नाक पुसलेल्या रुमालाचीही चौकोनी घडी घालायची! आणि हात चालले की तोंडात गाणं. तेही घरचंच. आईनं घरातल्या एकेकावर कडवं रचलं होतं.

'काका गेला नळ दुरुस्त करायला, पूर आला शेजाऱ्याच्या घराला,' हे काकाचं. दादा किल्ली आत विसरून बनियनवर जिन्यात उभा राहिला, ते दादाचं.

नियम एकच. ज्याचं कडवं, त्यानं खोलीबाहेर जायचं. मग आत सगळे गाणार नि खिदळणार. बाकीचे आपली पाळी आली की दाराला कान लावून चोरून ऐकायचे. घडीताई मात्र मानी! कानांत बोटं घालून जिन्यात बसायची. "मला नाही ऐकायचं तुमचं चावट गाणं!"

आता काका नाही, दादा नाही. आईला अर्धांगाचा झटका आला नि बोलणं गेलं. दुसरा आला तर काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणाले. रोज येणारी नर्स म्हणाली, "बोलणं गेलं तरी गाणं राहतं कधीकधी. म्हणून तर बघा."

घडीताईनं काकाचं कडवं धरलं. आणि अहो, म्हातारी गायली की! अडखळत, पण शब्दन् शब्द. दादाचंही गायली.

"आता माझं म्हण."

आईची नजर दाराकडे.

"आई, नियम गेला खड्ड्यात! तुझ्याशिवाय कुणालाच येत नाही गं ते. मी कशी होते, कोण सांगणार मला?"

नजर दाराकडेच. शेवटी घडीताईनं मोबाइल रेकॉर्डिंगला लावून हळूच उशीखाली सरकवला नि उठली. म्हातारी पक्की! चांगल्या हातानं मोबाइल काढून तिच्यापुढे धरला. म्हणजे, हाही घेऊन जा.

बाहेर तिनं दाराला कान चिकटवला. आत चाल सुरू झाली. नेमका शेजारचा मिक्सर घरघरला. शब्द एकही कळेना. मग आई खुदकन हसली.

घडीताई धावत आत. "काय म्हणालीस? काय गं होतं त्यात?"

आईनं बोट दाराकडे केलं.

रडत रडतच ती शेजारणीला ओरडली, "वहिनी, पाया पडते, मिक्सर बंद करा हो!" आणि बाहेर जाऊन, गुडघे टेकून, तिनं दाराखालच्या फटीशी कान लावला.